मेज, पुता, मेज

आमच्या चाळीत हार्मोनियम तीन बिऱ्हाडांत होती, तबल्याची जोडी दोन ठिकाणी, आणि तळमजल्यावरच्या एका आजोबांच्या भिंतीवर तारा तुटलेला दिलरुबा. व्हायोलिन कोणाकडेच नव्हतं. ते वडिलांनी चोरबाजारातून आणलं, 1966 च्या दिवाळीत. त्या दिवाळीत फटाक्यांपेक्षा माझ्या गजाने चाळ जास्त हादरली, असं शेजारच्या काकू पुढे कित्येक वर्षं सांगत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

मुलाने गजाननबुवा जोशींसारखं मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून यमन वाजवावा, ही वडिलांची इच्छा. पण बुवांकडच्या शिकवण्या आणि वडिलांचा पगार यांचा मेळ बसेना. ते छापखान्यात होते. तिथल्या एका गोवेकर कंपॉझिटरने तोडगा काढला. त्याच्या कुडीत एक म्हातारे मेस्त, म्हणजे संगीतमास्तर, राहत. महिन्याला पाच रुपये घेत, आणि मुलगा रडला नाही तर चार.

कूड म्हणजे काय, हे आताच्या वाचकांना सांगायला हवं. गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत केलेली उतरण्याची सोय. धोबीतलावच्या मागच्या गल्ल्यांत अशा कुडी ओळीने होत्या. आमच्या मेस्तांची दुसऱ्या मजल्यावर. लांबलचक दालन, भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव, आणि एका टोकाला अल्तार. बोटीवरून उतरलेले तारवटी दुसरी बोट मिळेपर्यंत तिथे चटया टाकून राहत. संध्याकाळी सगळ्यांनी गुडघे टेकून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. त्या वेळी माझी शिकवणी चालू असली तर मीही व्हायोलिन मांडीवर घेऊन गप्प बसे. आजही मेणबत्ती विझल्याचा वास आला की मला राळेचा वास आठवतो. गजाला लावायची ती राळ.

मेस्त गोव्यातल्या साष्टीतले. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, त्या शाळेतले. तरुणपणी मुंबईला आले ते मूकपटांच्या पडद्याखाली बसून व्हायोलिन वाजवायला. मग 14 मार्च 1931 ला आमच्याच गिरगावात, मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला. पडदा स्वतःच बोलू-गाऊ लागल्यावर पडद्याखालच्या वादकांना कोण विचारतो? मेस्त हॉटेलांच्या डान्सबँडमध्ये गेले, तिथून सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. “तुमच्या सगळ्या हिरॉइनी माझ्या व्हायोलिनवर रडतात,” असं ते म्हणत. ते खरंही होतं. त्या काळच्या हिंदी गाण्यांमागे जो तारवाद्यांचा समुद्र उसळतो, त्यात निम्म्याहून जास्त पाणी गोव्याचं.

चार महिने मोकळ्या तारांवर गज ओढून झाल्यावर एक दिवस त्यांनी ट्रंक उघडली आणि खाकी कागदाचं कव्हर घातलेली जाडजूड वही काढली. वही कसली, छापील पुस्तकच होतं. आत काटेरी जर्मन अक्षरं. बंद पडलेल्या कुठल्याशा हॉटेलच्या बँडकडून ते त्यांच्याकडे आलं होतं. “कुआद्रील,” मेस्त म्हणाले. “भुरग्यांक बरें. आठ बार शिकलं की एक झालं. मग दुसरं.”

बार म्हणजे आपल्या तालातला एक विभाग समजा. सुरांच्या पाच आडव्या रेघांना छेदणारी उभी रेघ आली की एक बार संपला. कुआद्रीलमध्ये काहीही असो, ते आठ बारांचं असणार. चाल कितीही गोड असो, आठाला मोडायची किंवा पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. मेस्त मोजायला लावत. मोजणं म्हणजे त्यांच्या कोकणीत मेजप. मी गाण्यात रमलो आणि मोजायचं विसरलो की त्यांची पेन्सिल माझ्या खांद्यावर पडे. “मेज, पुता, मेज!” आणि ते स्वतः मोजू लागत. एक, दोन, तीन, चार, पांच, स, सात, आठ. सहाला नुसतं ‘स’. सुरुवातीला मला वाटे ते मध्येच षड्ज लावायला सांगताहेत, म्हणून मी इमानदारीत सा वाजवून मोकळा होई. त्यावर दालनभर पहुडलेले तारवटी हसत.

त्यांचा आणखी एक नियम होता. सातव्या बारात नजर पुढच्या ओळीवर गेली पाहिजे. हात सातव्यात, डोळे नवव्यात. आठव्याला पोचल्यावर पुढचं शोधू लागलास तर नाचणारे एकमेकांच्या अंगावर पडतील, असं ते सांगत. नाचणारे कोण आणि ते का पडतील, हे मला कळायला पुढे चाळीसहून अधिक वर्षं लागली.

मेस्त ज्याला कुआद्रील म्हणत ती क्वाड्रिल. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: चौकडी. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात, समोरासमोरच्या जोड्या एकमेकींकडे जातात, जागा बदलतात, परत येतात. मूळ शब्द घोडदळाच्या लहान पथकावरून आलेला. म्हणजे चौकडी आणि चौकड्या भरणं दोन्ही त्यात आलं. पॅरिसमध्ये हा नाच घडला आणि 1815 च्या सुमारास लंडनला पोचला. संगीताचे पाच भाग, व्हिएन्नावाल्यांकडे सहा, आणि प्रत्येक भागाला ठरलेलं नाव. पांतालों, एते, पूल, त्रेनी, पास्तुरेल, फिनाल. पांतालों म्हणजे विजार, कारण मूळ चालीवरच्या गाण्यात विजार होती. एते म्हणजे उन्हाळा. पूल म्हणजे कोंबडी. त्रेनी हे त्रेनित्झ नावाच्या एका नृत्यशिक्षकावरून पडलेलं. पास्तुरेल म्हणजे धनगरीण. मला यातली कोंबडी फार आवडे. ती सहा मात्रांची, दादऱ्यासारखी झोक्याची. आमच्या घरी “आज कोंबडी झाली का?” हा प्रश्न निघाला की आजी कानांवर हात ठेवी. शाकाहारी घरात हे असले प्रश्न.

गंमत अशी की नावं ठरलेली, पावलं ठरलेली, बारांची संख्या ठरलेली, फक्त चाली मोकळ्या. त्या चाली कोणाच्याही असोत. बहुतेक वेळा त्या दुसऱ्याच्याच असत. गावात नवा ऑपेरा लागला, लोकांना त्यातली पाचपंचवीस गाणी आवडली, की बँडमास्तर त्यांचे लचके तोडून आठ-आठ बारांत बसवी. नायिकेचं विरहगीत एतेत, शिपायांचं समूहगान पांतालोंमध्ये, खलनायकाचा शाप असलाच तर तो धनगरणीच्या वाट्याला. कथा गेली, शब्द गेले, नायिका मेली की जगली याची पंचाईत कोणाला नाही. उरली ती चाल, आणि तिच्यावर पडणारी पावलं.

एकदा वडील मला न्यायला कुडीत आले आणि दारात उभे राहून त्यांनी अख्खी क्वाड्रिल ऐकली. मेस्त वाजवत होते, मी नुसता मोजत होतो. परतताना ठाकूरद्वारपर्यंत वडील काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाजवतात गोड. पण एक पद पुरतं वाजवत नाहीत रे. जरा कुठे जीव गुंतला की चालले पुढे.” ज्या माणसाने रात्ररात्र बसून एकेका रागाची बढत ऐकली, एका गंधाराभोवती अर्धा तास फिरणारे गवई ऐकले, त्याला हा प्रकार ताटात एकेक घास वाढून ताट ओढून घेण्यासारखा वाटला असणार. थोडं पुढे गेल्यावर एक वरात लागली. लाल कोट, कळकट सोनेरी झालरी, पितळी तुताऱ्या. बँडने त्या वर्षी गाजलेल्या एका सिनेमागाण्याचा मुखडा वाजवला, दोनदा. अंतऱ्याच्या वाटेला न जाता दुसऱ्या गाण्याचा मुखडा धरला, मग तिसऱ्याचा. वऱ्हाडातली पोरं नाचत होती. वडील थांबले. “हे बघ. तुझे मास्तर वाजवतात ते हेच. हे जरा उन्हातलं, ते सावलीतलं.”

त्यांनी हे कौतुकाने म्हटलं नव्हतं. पण क्वाड्रिलविषयी मी नंतर जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला भेटलेलं नाही.

कारण इतिहासातही ते तसंच होतं. 1830 च्या दशकात पॅरिसमध्ये फिलिप म्युझार नावाचा बँडमास्तर या चौकड्यांचा राजा होता. त्याचे नाच म्हणजे निव्वळ गोंधळ. शेवटच्या भागात तो पिस्तुलाचे बार काढी, खुर्च्या मोडी. इथे मला बार या शब्दावर कोटी करायचा मोह होतोय, पण मेस्त ऐकत असतील. व्हिएन्नाचा योहान श्ट्राउस, म्हणजे थोरला, आपला वाद्यवृंद घेऊन 1837 साली पॅरिसला गेला आणि हे फ्रेंच प्रकरण जवळून शिकून आला. व्हिएन्ना तोवर वॉल्ट्झची. वॉल्ट्झमध्ये जोडी आपापल्यात गिरक्या घेते, बाकी जग गेलं उडत. चौकडीत तसं चालत नाही. समोरच्याकडे बघावं लागतं, त्याला हात द्यावा लागतो, परक्याच्या बायकोला सभ्यपणे फिरवून तिच्या नवऱ्याच्या हवाली करावं लागतं. मला वाटतं, मध्यमवर्गाला हेच आवडलं. वॉल्ट्झ प्रेमात पडलेल्यांसाठी, क्वाड्रिल ओळखी करून घेणाऱ्यांसाठी.

थोरल्याच्या मुलाचं नावही योहान. बापाला मुलाने संगीतात यायला नको होतं. मुलगा आलाच. 15 ऑक्टोबर 1844 ला हीट्सिंगमधल्या डॉमायरच्या नाचघरात, अठरा वर्षांचा धाकटा श्ट्राउस स्वतःचा बँड घेऊन पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला. त्या रात्रीच्या त्याच्या नव्या रचनांत एक चौकडी होती. नाव ‘देब्यू-क्वाड्रिल’, क्रमांक दोन. आपण ज्याला ‘ब्लू डॅन्यूब’चा बादशहा म्हणतो, त्याने दुसऱ्याच रचनेला हात घातला तो चौकडीला. पुढे आयुष्यभरात त्याने सत्तरहून अधिक चौकड्या लिहिल्या. ओफेनबाखचा ‘ऑर्फियस’ व्हिएन्नात आला की ‘ऑर्फियस क्वाड्रिल’. व्हेर्दीचा ‘मास्करेड बॉल’ गाजला की त्याची क्वाड्रिल. ‘कलावंत-क्वाड्रिल’ नावाची एक तर भन्नाटच आहे. मेंडेल्सझोनची लग्नाची वरात, मोत्सार्टची चाळिसावी सिंफनी आणि शोपँची प्रेतयात्रा एकाच चौकडीत, एकाच उत्साहाने नाचवलेली. आपल्याकडे अशी भेळ फक्त गणपतीच्या आरतीनंतर होते, जेव्हा ‘घालीन लोटांगण’च्या पोटात कुठलंही संस्कृत जातं आणि कोणी विचारत नाही.

धाकट्याचा धाकटा भाऊ एडुआर्ड. त्याने बिझेच्या ‘कार्मेन’ची क्वाड्रिल केली. ही मेस्तांच्या पुस्तकात होती. ‘कार्मेन’ पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला 3 मार्च 1875 ला, आणि बरोबर तीन महिन्यांनी, 3 जूनला, छत्तिसाव्या वर्षी बिझे गेला. ऑपेरा पडला असं मानूनच गेला. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाने तो डोक्यावर घेतला. आपल्या चालींवर व्हिएन्ना नाचलेली बिझेने पाहिलीच नाही. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी ती चाल रोज वाजवत होतो, आणि आता माहीत आहे तर बोटं वळत नाहीत.

व्हाग्नरची चेष्टा करणाऱ्या चौकड्याही फ्रेंचांनी लिहिल्या. शाब्रियेने ‘त्रिस्तान’च्या चालींवर, फोरे आणि मेसाजे यांनी मिळून ‘रिंग’च्या चालींवर, दोन्ही एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायच्या. ज्या ऑपेरात नायक-नायिका चार तास मरण्याची वाट पाहतात, त्यांचा निकाल फोर-हँड पियानोवर आठ बारांत. हे सगळे व्हाग्नरचे भक्त बरं का, टवाळ नव्हेत. भक्ताशिवाय देवाची अशी थट्टा करणार कोण? आपल्याकडे विठोबाला काय कमी शिव्या आहेत!

या सगळ्यात एक साधी गोष्ट आहे. ऑपेराचं तिकीट काढणारे थोडे. पण नाचघरात जाणारे, बागेत बँड ऐकणारे, घरी पियानोवर छापील चौकडी वाजवणारे, ते कितीतरी. शिंप्याला, कॉफीघरवाल्याला, शाळामास्तरला व्हेर्दी कळला तो पायांनी. नंतर कधी तो ऑपेराला गेलाच, तर गाणं सुरू होताच त्याला वाटलं असेल, अरे, ही तर आपली कोंबडी!

माझं अगदी असंच झालं. ‘कार्मेन’ मी संपूर्ण ऐकला तो थेट 1983 साली, एका मित्राकडच्या रेकॉर्डवर. तोरेआदोरचं गाणं सुरू झालं, मी आठ बार मोजले आणि पुढच्या चालीसाठी सावरून बसलो. पुढची चाल आली नाही. तेच गाणं चालू राहिलं. आणखी चालू राहिलं. मला क्षणभर खरोखर वाटलं की सुई अडकली. अजूनही पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीत माझं असं होतं. आठाला माझा पाय पुढच्या ओळीवर जातो आणि वाद्यवृंद तिथेच असतो.

युरोपची ही चौकडी साहेबाबरोबर हिंदुस्थानात आली, तिची बहीण लान्सर्सही आली. त्याही आधी तंजावरला आपल्या सरफोजीराजांनी दरबारात विलायती बँड बाळगला होता. मराठी राजवाड्यात तमिळ उन्हात विलायती वाद्यं वाजत, हे चित्र मला फार आवडतं. पण ही चौकडी सगळ्यांत खुलली ती ब्राझीलमध्ये. तिथे जूनमधल्या संत जुआंवच्या सणाला गावोगाव क्वाद्रिल्या नाचतात, शेतकऱ्यांचा वेष करून. फ्रेंच हुकूम तसेच राहिले, फक्त तोंडात बसतील असे झाले. ‘आं आव्हां तू’, म्हणजे सगळे पुढे, याचं झालं ‘आलाव्हान्तू’. ‘आं आरिएर’, म्हणजे मागे, याचं ‘आनारिये’. आपल्याकडे ‘हू कम्स देअर’चं ‘हुकुमदार’ झालं, तसंच.

मेस्तांनाही ते हुकूम पाठ होते. त्यांच्या आजोबांच्या काळी साष्टीतल्या मोठ्या घरांच्या सालांत, म्हणजे दिवाणखान्यांत, लग्नाला कोंत्रादांस, हा चौकडीसारखाच नाच, नाचत. एकदा शिकवणी संपल्यावर त्यांनी दालनातल्या आठ तारवट्यांना उठवलं. चार जणांच्या खांद्यावर टॉवेल टाकले, त्या बायका. मग गज छडीसारखा धरून हुकूम सोडले. बनियन आणि लुंगीतले ते आठ गडी इतक्या गंभीरपणे एकमेकांना कमरेत लवून नमस्कार करत होते की मला हसू आलं नाही. एकजण मध्येच चुकला. मेस्तांनी गज खाली घेतला आणि म्हणाले, “मेजूंक ना.” मोजलं नाहीस. हा त्यांच्याकडचा सगळ्यांत मोठा गुन्हा.

ते गेले 1974 साली, गावी. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि व्हायोलिन कपाटावर. बातमी कळायला दोन महिने लागले. कुडीत गेलो तर ट्रंक जागेवर नव्हती. नातेवाईक येऊन घेऊन गेले होते. पुस्तकाची पानं पावसात भिजली होती म्हणून ती रद्दीत टाकली होती. जे होतं ते एक पान, माझ्याच व्हायोलिनच्या पेटीत गजाखाली दुमडून राहिलेलं. कोंबडी. तिसऱ्या ओळीवर मेस्तांच्या पेन्सिलीचा गोल.

त्या नातेवाइकांवर मी बरीच वर्षं मनातून रागावलो होतो. पुढे एडुआर्ड श्ट्राउसबद्दल वाचलं आणि राग निवला. श्ट्राउस घराण्याच्या बँडची सगळी हस्तलिखित वाद्यपुस्तकं त्याच्या ताब्यात होती. बाप, दोन भाऊ आणि तो स्वतः, अशी दोन पिढ्यांची मिळकत. 1907 साली त्याने ती गाड्या भरभरून भट्टीत पाठवली आणि जाळली. भिजलेली नव्हती, कसर लागलेली नव्हती. चांगली धडधाकट. ज्याचं होतं त्यानेच. त्यापुढे साष्टीतल्या कोणा बिचाऱ्या पुतण्याने ओली पानं रद्दीत टाकली, यात काय मोठंसं!

मुंबईच्या मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी उभी केली होती. मेस्त तिथे कधीमधी दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या रांगेत बसत असं सांगायचे. मेहलींचा मुलगा झुबिन 1954 मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला, आणि 1990 च्या पहिल्या जानेवारीला त्याने व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा नववर्षाचा श्ट्राउस-सोहळा पहिल्यांदा चालवला. पुढे आणखी चार वेळा. त्याची कॅसेट माझ्याकडे आली तेव्हा मला आधी कोण आठवलं असेल, ते सांगायला नको.

मग 2009. मुलगी नोकरीनिमित्त व्हिएन्नात होती. तिने फर्मान काढलं, फेब्रुवारीत या, बॉलचा मोसम असतो. व्हिएन्नात हिवाळ्यात चारशेहून अधिक बॉल होतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कॉफीघरवाल्यांचा वेगळा, मिठाईवाल्यांचा वेगळा, शिकाऱ्यांचा वेगळा. आपल्याकडे जसे गल्लोगल्ली गणपती, तसे त्यांचे धंदेवार नाच. आम्ही गेलो तो कुठला होता याला महत्त्व नाही. जागा हॉफबुर्ग, म्हणजे बादशाही राजवाडा. मी भाड्याचा काळा सूट आणि जन्मात पहिल्यांदा बो. बायकोने पैठणी नेसली होती, आणि जिन्यावर तिच्याकडे लोक ज्या नजरेने बघत होते, ते पाहून मला बोचं दुःख जरा कमी वाटू लागलं. पांढऱ्या झग्यांतल्या मुलींनी उद्घाटनाचा नाच केला, मग एका गृहस्थाने “आल्लेस वाल्त्सर!” म्हणून ललकारलं आणि सगळं राजवाडाभर गरगरू लागलं. आम्ही कडेला. आम्हाला कुठे वॉल्ट्झ येते!

मध्यरात्री घोषणा झाली. फ्लेडरमाउस-क्वाड्रिल. फ्लेडरमाउस म्हणजे वटवाघूळ. धाकट्या श्ट्राउसचा ऑपेरेटा, 5 एप्रिल 1874 ला थिएटर आन डेर वीनमध्ये पहिल्यांदा झालेला. त्याची गोष्ट बबन प्रभूंनी लिहिलीय असं वाटावं. मुखवट्यांच्या नाचानंतर एकाला त्याचा मित्र वटवाघळाच्या वेषात, झिंगलेला, रस्त्यात टाकून देतो. त्याचा सूड म्हणून तो मित्राला एका मेजवानीत बोलावतो, आणि तिथे मित्र स्वतःच्याच बायकोला परकी सरदारीण समजून तिच्यामागे लागतो. त्यातल्या चालींची चौकडी श्ट्राउसने स्वतःच केली. दुसऱ्याचे लचके तोडून झाल्यावर स्वतःचेही तोडले.

मुलीने आम्हाला लोटलं. आता चौकोन नव्हता, समोरासमोर दोन लांबच लांब रांगा होत्या, कारण शेकडो माणसं. नाचाचा मास्तर ध्वनिक्षेपकावरून फ्रेंच हुकूम व्हिएन्नी नाकातून सोडत होता. शेन आंग्लेज. आठ बारांत समोरच्या जोडीतून पलीकडे आणि परत. मग झुलणं आणि हातात हात घालून फिरणं, पुन्हा आठ. मग बायकांची साखळी, आठ. पाचव्या बारापर्यंत मी गर्दीतच हरवलो. बायको माझ्या आधी पलीकडे पोचली होती. पदर कमरेला खोचून, मंगळागौरीचा अनुभव गाठीशी असलेली बाई ती, तिला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. मी एका उंच म्हाताऱ्याच्या छातीवर आदळलो. मेस्तांनी सांगितलेला तो अपघात, चाळीसहून अधिक वर्षांनी. नाचणारे खरोखरच एकमेकांच्या अंगावर पडतात.

म्हातारा हसला, मला खांद्याला धरून सरळ केलं. दुसरा भाग सुरू झाला. मी पायांकडे बघणं सोडलं आणि मोजू लागलो. तोंडाने, मोठ्याने. एक, दोन, तीन, चार, पांच, स, सात. आणि सातव्याला आपोआप मान वर झाली, पुढच्या जागेकडे. आठाला मी तिथे होतो. कोंबडीच्या वेळी तर म्हाताऱ्याच्या पुढे. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मधल्या विश्रांतीत त्याने इंग्रजीत विचारलं, ही तुमची भाषा का? मी आधी नाही म्हणालो. मग म्हणालो, शेजारची.

फिनालमध्ये हात धरून जोड्यांच्या जोड्या कमानींखालून धावू लागल्या, कोणाचा चष्मा पडला, कोणाची टाच तुटली, हुकूम ऐकू येईनासे झाले. शेवटचा ठोका पडला. सगळे धापा टाकत टाळ्या वाजवत उभे, मी घड्याळ बघितलं, बायकोने पदर सोडून पुन्हा नीट खोचला. तेवढ्यात बँडमास्तरने काठी वर केली. म्हातारा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, आता पुन्हा पहिल्यापासून, पण दुप्पट वेगाने.